डाव्या हाताची काच

ढाणकीत नवखा माणूस आला आणि कोणी त्याला सांगितलं, 'शिनेमाघराच्या बाजूनं जा', की तो बापडा तिकिटाची खिडकी शोधत फिरायचा. तिथं कसली खिडकी अन् कसलं तिकीट! कापसाच्या जिनिंगच्या पुढं, सडकेला लागून सदाशिवरावांचं घर होतं, त्यालाच सारा गाव शिनेमाघर म्हणे. वर कौलं नाहीत, टिनं नाहीत, सपाट स्लॅब. पोर्चचे खांब तिरपे, आता पडतात की मग पडतात असे. आत शिरलं की उजव्या हाताची अख्खी भिंत काचेची अन् डाव्या हाताची भिंत ओबडधोबड काळ्या दगडाची. जिन्याच्या पायऱ्या म्हणजे नुसत्या फळ्या, मधून आरपार उजेड. बाया त्यावर पाय ठेवत नसत. म्हणायच्या, "माय वो, खालून सारं दिसते!"

असलं घर पाहून लोक म्हणत, मैनाबाईनं नशीब काढलं. कप्पाळ नशीब! त्या घरात ती बाई कशी राहिली ते मी सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आधी कोकिळेचं सांगावं लागेल. कोकिळा म्हणजे सदाशिवराव-मैनाबाईची एकच एक लेक. लग्नाला खूप वर्षं झाल्यावर, नवससायास करून झालेली. घरभर दुडदुडायची, बापाच्या पागोट्यात चिंचेचे फुटवे खोवायची. तिला घटसर्प झाला. उमरखेडला नेईनेईपर्यंत खेळ आटोपला. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तसं तिला वावराच्या बांधावर चिंचेखाली पुरलं. माती द्यायला सदाशिवराव स्वतः गेले होते. परत आले ते त्यानंतर कधी त्या चिंचेकडं फिरकले नाहीत. वावरात जायचं तर लांबचा फेरा घालून जात.

त्यांच्या म्हाताऱ्या आईनं त्याच दिवशी बजावलं, "पोट्टीचं नाव घरात काढाचं नाही. दुसरं लेकरू होऊन चालाले लागलं की मग काढा. नाही तं ते आईकते, अन् दुसऱ्याले येऊ देत नाही."

झालं! आमच्याकडं नवरा बायकोचं नाव कुठं घेतो? लेकराच्या नावानं हाक मारतो. सदाशिवराव रोज दारातून 'कोकिळेची माय' म्हणून ओरडत यायचे. ते नावच बंद झालं, तशी हाकही बंद झाली. नुसतं 'अवो' नाही तर 'आईकलं का' एवढंच उरलं. दुसरं लेकरू काही झालं नाही. म्हातारी मरून गेली, पण तिनं घातलेली गाठ तशीच राहिली. ती आता सोडवणार कोण? मैनाबाई हळूहळू मुकीच झाली. स्वयंपाक करी, वाढी, विचारलं तर हो-नाही म्हणे. सदाशिवरावांना घर खायला उठे. रागीट माणूस, हेकट माणूस, पण बायकोवर जीव होता हो त्यांचा. तो कसा दाखवायचा ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

महाराष्ट्र होऊन वर्षभर झालं असेल तेव्हाची गोष्ट. कापूस घरात आला की बाजाराच्या मैदानात तंबू टॉकीज यायचा. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा ताणलेला. मशिनीच्या बाजूला बाप्ये बसत, पुढारी मंडळींना खुर्च्या. बायांची बसायची जागा पडद्याच्या पलीकडं. कापड पातळ, त्यातून चित्र इकडंही दिसे अन् तिकडंही. बायांची अब्रूही राहिली अन् बायांचा शिनेमाही झाला, असा तो हिशेब. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या वर्षी सदाशिवरावांनी मैनाबाईला जबरदस्तीनं नेलं. दारात उतरवलं, ती पलीकडं गेली, ते खुर्चीवर बसले.

हिंदी शिनेमा होता. नाव आता कोणाला आठवत नाही, गाणीसुद्धा आठवत नाहीत, पण त्यातलं घर सगळ्यांना आठवतं. श्रीमंताचा नव्या चालीचा बंगला. सपाट छत, तिरपे खांब, एक भिंत नुसती काचेची अन् समोरची दगडाची. हिरोची आई त्या काचेशी खुर्ची टाकून बसलेली असायची अन् बाहेर हिरवळीवर तिची नात खेळायची. आई आतून सगळं पाहायची. एवढंच. बाकी मारामाऱ्या अन् रडारड.

परत येताना बैलगाडीत मैनाबाई आपणहून बोलली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"किती मोठी काच होती, नाही? घरात बसल्या बसल्या समदं दिसे."

सदाशिवरावांना वाटलं, भास झाला की काय! त्यांनी कासरा ओढला, गाडी उभी केली.

"तुले आवडलं ते घर?"

"तसं घर असतं तं..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आपल्या चिंचेच्या वावरात जागा हाये ना मोकळी."

"बांधू," सदाशिवराव म्हणाले. "तसंच्या तसं बांधू. एक खांब इकडचा तिकडं होनार नाही!"

रस्ताभर ती बोलत होती. जिना कसा, खांब कसे, काचेला पडदा नको. सदाशिवरावांचे डोळे अंधारात भरून आले. आता सगळं ठीक होईल, असंच वाटलं त्यांना.

गवंडी ठरला निजामुद्दीन, आर्णीकडचा. हात चांगला, बोलणं कमी. त्यानंही तो शिनेमा पाहिला होता, खुर्च्यांच्या मागं बसून. आणि त्याची बायको सुग्राबी पलीकडं बायांत बसून. मुहूर्ताच्या दिवशी गावातले चारचौघे जमले. निजामुद्दीननं जमिनीवर फक्कीनं पांढऱ्या रेघा मारल्या अन् विचारलं, "भाऊसाहेब, काच कोनत्या बाजूनं? दगडाच्या भितीचा पाया खोल घ्या लागते, म्हनून इचारतो."

"उजव्या हाताले," सदाशिवराव म्हणाले.

"डाव्या," मैनाबाई म्हणाली. दोघंही एकदमच बोलले.

लोक हसले. सदाशिवरावही हसले. "अवो, उजव्या. दारातून शिरलं की उजव्या हाताले काच. मी काय झोपलतो का शिनेमात?"

"नाही, डाव्या हाताले होती. मी नीट पाह्यलं."

आता जागा कशी होती ते ध्यानात घ्या. दारातून शिरलं की उजवीकडं सडक अन् जिनिंग. डावीकडं वावराचा बांध अन् बांधावर चिंच. बाईला काच चिंचेकडं पाहिजे होती. हिरोच्या आईसारखं काचेशी बसून तिला आपलं लेकरू पाहायचं होतं. पण ते म्हणायचं कसं? नाव काढायचं नाही, गोष्ट काढायची नाही. म्हणून ती बिचारी शिनेमाचा आधार घेऊन बोलत होती, आणि खोटंही बोलत नव्हती.

सदाशिवरावांना हे समजलं नव्हतं असं नका समजू. समजलं होतं. पण रोज उठून ती चिंच पाहायची, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. त्यांनीही शिनेमाचाच आधार घेतला. अन् तेही खोटं बोलत नव्हते.

"निजामुद्दीन, तू सांग. काच कोनीकडं होती?"

"उजव्याच हाताले होती, भाऊसाहेब," निजामुद्दीन म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "पन माही घरवाली डाव्या हाताले म्हनते. कालच आमची हुज्जत झाली."

"मंग तू घरवालीच्या सांगन्यावरून घरं बांधतं का बे?"

पुन्हा हशा. जमलेल्या बाप्यांना एकेकाला विचारलं. भगवानराव उजव्या म्हणाले, धावजी उजव्या म्हणाला, जो तो उजव्याच म्हणाला. बांधाशी पाणी घेऊन उभ्या असलेल्या बाया मात्र आपसात कुजबुजत होत्या, 'डाव्या होती ना वो?' 'डाव्याच.' भगवानरावांनी आवाज चढवला, "बायाइले डावं-उजवं समजलं असतं तं काय पाह्यजे होतं!" अन् सगळे खदाखदा हसले.

हसण्यानं बाई पेटली. एरवी मान वर न करणारी मैनाबाई सरळ चालत चिंचेखाली गेली. खाली वाकली, मूठभर माती घेऊन आली. साऱ्यांच्या देखत ती मूठ पुढं केली.

"या मातीची शप्पत घेऊन सांगतो. काच डाव्या हातालेच होती."

ती माती कोणाची ते साऱ्यांना माहीत होतं. सदाशिवरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, गावच्या बाप्यांनी पाहिलेली गोष्ट, अन् ही बाई मेलेल्या लेकराची खोटी शपथ घेते! तेही कशासाठी, तर एका भिंतीसाठी!

"निजामुद्दीन," ते म्हणाले, "उजव्या हाताले काच. खोद."

मैनाबाईनं मूठ उघडली नाही. तशीच मिटून घरी गेली.

घर झालं. काच नागपूरहून भाताच्या तणसात गुंडाळून आणली. जवळपासच्या गावांहून लोक पाहायला आले. अन् पाहायला आले ते पाहतच राहिले, कारण काच सडकेकडं! गाड्या थांबत, बैल थांबत, जिनिंगचे हमाल उभे राहत. घरातली बाई काय करते, काय खाते, सगळं चव्हाट्यावर. आठ दिवसांत सदाशिवरावांनाच लाज वाटली. त्यांनी चादरी शिवून पडदे लावले, ते पुन्हा कधी उघडले नाहीत. एवढी मोठी काच आणली अन् तिला आयुष्यभर चादर पांघरून ठेवली, आता बोला!

मैनाबाई त्या बैठकीत कधी बसली नाही. सकाळचं काम आटोपलं की एक पोतं घेऊन बाहेर जायची अन् घराला वळसा घालून त्या दगडी भिंतीच्या पलीकडं जाऊन बसायची. संध्याकाळी दिवेलागणीला आत यायची.

"एवढं घर बांधलं अन् तू बाहेर काहून बसतं?" सदाशिवराव विचारत. "लोकं काय म्हनतीन?"

"आत गरम होते मले," ती म्हणे.

ते त्या बाजूला कधी गेले नाहीत. मनात म्हणायचे, रुसली आहे, मला दाखवायला बसते. अन् खोल कुठंतरी ती शपथ सलायची. गावात तर उघड बोलत, मेलेल्या लेकराची खोटी शपथ खाल्ली, मग कूस कशी उजवणार? सदाशिवराव ऐकून घेत, कोणाला गप्प करत नसत. एकदा तर, मैनाबाईला दिवस राहिले, गर्भ पडला अन् ती तापानं फणफणत पडली असताना, त्यांच्याच तोंडून निघालं, "खोट्या शपतीचं फळ हाय हे."

बाईनं त्यांच्याकडं पाहिलं. म्हणाली, "माहे डोळे खोटे असतीन. मी खोटी नाही."

पुन्हा त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली, पण घरात एक वाकडा शब्द नाही की एक सरळ शब्द नाही.

मग एका थंडीत तिला कावीळ झाली. ढाणकीचा वैद्य झाला, उमरखेडचा डॉक्टर झाला. बाज बैठकीत टाकली होती, पडदा लावलेल्या काचेशी. ती म्हणाली, "मले बाहेर घेऊन चला. भितीच्या त्या बाजूले. थोडा वेळ."

"वारं किती सुटलं! उद्या ऊन पडलं की नेतो," सदाशिवराव म्हणाले.

उद्या ऊन पडलं. चांगलं लख्ख पडलं. पण ते पाहायला मैनाबाई नव्हती.

तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं, अन् तंबू टॉकीज तोच शिनेमा घेऊन आला. पाट्या लागल्या, भोंगा लावलेली गाडी फिरली. सदाशिवरावांनी ऐकलं. पाहावं वाटलं. ते घर एकदा पाहावं, बाईनं बैलगाडीत ज्याची एवढी वर्णनं केली ते. पण वर्षाच्या आत बाप्या माणूस शिनेमाला गेला तर लोक शेण घालतील तोंडात. खुर्चीवर बसायची सोय नाही. म्हणून संध्याकाळी त्यांनी घोंगडी डोक्यावरून घेतली अन् अंधार पडता पडता तंबूच्या मागच्या कनातीखालून आत शिरले. ती बायांची बाजू होती. तिथं त्यांना कोणी शोधणार नव्हतं. एका खांबाआड ते उभे राहिले.

शिनेमा सुरू झाला. पडद्यावरच्या नावांची अक्षरं धड लागेनात. डोळे गेले आपले, असं त्यांना वाटलं. मग मोटार आली, पोर्चमध्ये थांबली. दार उघडलं. बैठक आली.

काच डाव्या हाताला होती.

सदाशिवराव खांबाला धरून पाहत राहिले. हिरोची आई काचेशी बसली होती, नात बाहेर खेळत होती, सगळं तेच. पण काच डाव्या हाताला. दुसरा शिनेमा असेल म्हणावं तर माणसं तीच. मग त्यांना दिसलं की हिरो डाव्या हातानं जेवतो आहे. म्हातारा डाव्या हातानं आशीर्वाद देतो आहे. अन् दुकानाची पाटी आली, तीत एकेक अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं.

खांबाशीच एक बाई बसली होती. ती निजामुद्दीनची सुग्राबी निघाली. सदाशिवरावांनी घोंगडी सारली.

"सुग्राबी, काच कोनत्या हाताले हाये?"

तिनं दचकून वर पाहिलं. ओळखलं तसा पदर सावरला.

"डाव्या हाताले, भाऊसाहेब. आमी तवाबी हेच सांगतलं होतं."

ते कनातीबाहेर आले, तंबूला वळसा घालून पुढच्या बाजूला गेले अन् फटीतून डोकावले. काच उजव्या हाताला. पाटीवरची अक्षरं सरळ. पुन्हा मागं आले. डाव्या हाताला. तंबूभोवती हा म्हातारा काय येरझारा घालतो म्हणून पानवाला त्यांच्याकडं पाहायला लागला. एकच कापड, अलीकडं बाप्ये अन् पलीकडं बाया. एका तरी बाईला वाचता येत असतं, तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं की पलीकडं अक्षरं उलटी दिसतात. एक तरी बाप्या पलीकडं जाऊन बसला असता, तर! पण कोण जातो हो बायांच्या बाजूला?

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवरावांनी निजामुद्दीनला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा ते लोखंडी सब्बल घेऊन बैठकीत उभे होते. दगडी भिंतीचे दोन-चार टवके उडालेले.

"हे भीत काढ. अथी काच बसव."

निजामुद्दीन म्हातारा झाला होता. त्यानं आधी भिंतीकडं पाहिलं, मग सदाशिवरावांकडं. सुग्राबीनं रात्रीच त्याला सारं सांगितलं असणार.

"भाऊसाहेब, सारा स्लॅब याच भितीवर हाये. हे काढली तं घर खाली येईन."

"येऊ दे!"

"येऊ देऊ," तो हळूच म्हणाला. "पन काच बसवून आता पाहाले कोनाले बसवता?"

सदाशिवरावांच्या हातातली सब्बल खाली पडली. त्या माणसाला काही टोचून बोलायचं नव्हतं, त्यानं सरळ विचारलं होतं.

ते बाहेर पडले. घराला वळसा घालून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, भिंतीच्या त्या बाजूला गेले. समोर चिंच होती. चांगली डेरेदार झालेली, बुंध्याशी जमीन झाडून स्वच्छ ठेवलेली होती, आता तिच्यावर पाला पडायला लागला होता. भिंतीशी मैनाबाईचं पोतं तसंच पडलं होतं. अन् पोत्याच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकतं तेवढ्या उंचीवर, काळ्या दगडावर तेलाचा डाग होता. रोज डोकं टेकून टेकून दगड तिथं गुळगुळीत चकचकीत झाला होता. आत बैठकीत ते एकटे बसत, तेव्हा भिंतीच्या पलीकडं ही टेकलेली असायची. मधे फक्त त्यांनी बांधलेली भिंत.

त्यांनी त्या डागावर हात ठेवला. मग पोत्यावर बसले. रडू आलं ते आवरलं नाही, कोणी पाहतं का तेही पाहिलं नाही. निजामुद्दीन कोपऱ्यापर्यंत आला अन् तिथूनच मागं फिरला.

बऱ्याच वेळानं त्यांनी घसा खाकरला, जसे पूर्वी दारातून आत येताना खाकरायचे. आणि मोठ्यानं, चिंचेपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली.

"कोकिळेचे माय! अवो कोकिळेचे माय! डाव्या हातालेच होती वो काच."